पेंग्विनचे घर नेमके कोणासाठी?

एखादा जुना, नीट बांधलेला गोठा पाहिला, तर तो बांधणाऱ्याला गुरांबद्दल काय काय ठाऊक होते ते सहज वाचता येते. जमिनीला दिलेला उतार सांगतो की, मूत्र साचले तर खूर सडतात. गव्हाणीची उंची सांगते की, जनावर मान किती वाकवून खाते. दोन दावणींमधले अंतर सांगते की, शेजारचे जनावर शिंग मारते. पुढे पुष्कळ ठिकाणी मुरुमाच्या जागी सिमेंटची गुळगुळीत फरशी आली. ती धुवायला सोपी, दिसायला स्वच्छ. पण जनावरे घसरू लागली, खुरांच्या तक्रारी वाढल्या. मग फरशीला खाचा पाडणे, वर रबराच्या चटया घालणे असे उपाय सुरू झाले. म्हणजे फरशी बदलताना स्वच्छतेचा विचार झाला होता, खुराचा राहून गेला होता.

प्राण्यासाठी बांधलेली प्रत्येक इमारत अशी असते. तिला आपण त्या प्राण्याविषयी मांडलेले एक अनुमान म्हणू. फरक इतकाच की हे अनुमान कागदावर नसते; विटांत, लोखंडात, काँक्रीटमध्ये असते. कागदावरचे अनुमान चुकले तर खोडता येते. इमारत चुकली तर काय करायचे? आणि ती इमारत एव्हाना जगप्रसिद्ध झाली असेल, तिच्या जपणुकीसाठी कायद्याचे संरक्षण मिळालेले असेल, तर? लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील पेंग्विनच्या तलावाचा इतिहास हा या प्रश्नाचा इतिहास आहे. विज्ञान शिकवणाऱ्यांनी तो जाणून घ्यावा असा आहे.

उष्ण खोल्या आणि मोकळी हवा

लंडनची प्राणिशास्त्रीय संस्था १८२६ साली स्थापन झाली. रीजंट्स पार्कमधील तिचे संग्रहालय १८२८ मध्ये सभासदांसाठी व १८४७ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुले झाले. १८३६ साली तेथे पहिले जिराफ आले आणि डेसिमस बर्टन या वास्तुविशारदाने त्यांच्यासाठी एक साधी विटांची इमारत बांधली. तिचे वैशिष्ट्य एकच: सुमारे पाच मीटर उंचीचे दरवाजे. ही इमारत आपण लक्षात ठेवू. लेखाच्या शेवटाकडे तिची गरज लागेल.

एकोणिसाव्या शतकात सर्वसाधारण समजूत अशी होती की, उष्ण प्रदेशातील प्राण्यांना थंड देशात जगवायचे तर बंद, तापवलेल्या खोल्यांत ठेवले पाहिजे. अशा कोंदट खोल्यांत माकडे आणि वानर क्षयाने व श्वसनाच्या इतर विकारांनी मरत. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला आणि हळूहळू विचार बदलू लागला. आता प्राण्याचे घर म्हणजे धुता येईल, निर्जंतुक करता येईल अशी जागा असे समीकरण तयार झाले. लाकूड आणि माती यांच्या जागी फरशी, काच आणि काँक्रीट आले.

याच सुमारास दुसरा एक प्रवाह सुरू झाला होता. जर्मनीत हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगेन येथे कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गजांविना प्राणिसंग्रहालय उघडले. कोणता प्राणी किती लांब आणि किती उंच उडी मारतो याची मापे घेऊन त्यांनी खंदक आखले. प्रेक्षकाला खंदक दिसत नसे. दिसत ते कृत्रिम खडकांवर मोकळे फिरणारे प्राणी. त्या वेळी लंडनच्या संस्थेचे सचिव प्राणिशास्त्रज्ञ पीटर चामर्स मिचेल होते. तेही मोकळ्या हवेचे पुरस्कर्ते होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९१४ साली, लंडनमध्ये ‘मॅपिन टेरेसेस’ ही काँक्रीटची कृत्रिम टेकडी उभी राहिली.

म्हणजे १९३० च्या सुमारास संग्रहालयाच्या इमारतीकडून तीन अपेक्षा होत्या. ती स्वच्छ राहावी, प्राण्याला हवा व ऊन मिळावे आणि प्रेक्षकाला प्राणी नीट दिसावा. एका नव्या साहित्यात हे तिन्ही साधण्याची शक्यता दिसत होती. ते साहित्य म्हणजे आपण ज्याला आर.सी.सी. म्हणतो ते, लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीट.

लुबेट्किन यांचा लंबवर्तुळाकार तलाव

बर्थोल्ड लुबेट्किन यांचा जन्म जॉर्जियातील तिबिलिसीचा. १९३१ मध्ये ते इंग्लंडमध्ये आले आणि पुढल्या वर्षी काही तरुण वास्तुविशारदांसह त्यांनी ‘टेक्टन’ हा गट स्थापन केला. त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे लंडनच्या संग्रहालयातील गोरिलागृह. काँगोतून आलेल्या मोक आणि मोईना या दोन गोरिलांसाठी ते १९३३ मध्ये तयार झाले. इमारत वर्तुळाकार. अर्धा भाग कायम बंदिस्त, अर्धा जाळीचा. हिवाळ्यात सरकत्या भिंतींनी जाळीचा भाग बंद करता येई आणि उन्हाळ्यात पुन्हा उघडता येई. माणसांचे सर्दी-खोकल्याचे जंतू गोरिलांपर्यंत पोचू नयेत याचीही काळजी घेतलेली होती. जंतुशास्त्र इमारतीत कसे उतरते याचा हा चांगला नमुना आहे.

लगेच १९३४ मध्ये पेंग्विनचा तलाव बांधला गेला. त्याचा आकार लंबवर्तुळासारखा. भोवती पांढरी काँक्रीटची भिंत आणि तिला पडलेल्या लांबट फटी. मधोमध, पाण्यावर अधांतरी, एकमेकींना वळसा घालून उतरणाऱ्या दोन वक्र वाटा. प्रत्येक वाट सुमारे चौदा मीटर लांब, जाडी काही इंचांची आणि मधे एकही खांब नाही. हे गणित सोपे नव्हते. त्यामागे ओव्ह अरूप हे अभियंते होते, आणि वाटांची आकडेमोड फेलिक्स सामुएली यांनी केली. पुढे अरूप यांचे नाव सिडनीच्या ऑपेरा हाउसशी जोडले गेले.

लुबेट्किन यांची भूमिका स्पष्ट होती. संग्रहालयाची रचना दोन प्रकारे करता येते, असे ते मानत. एक, निसर्गाची नक्कल करायची. दुसरी, भूमितीचा आधार घेऊन प्राण्यासाठी एक रंगमंच उभारायचा. त्यांनी दुसरी वाट निवडली. पेंग्विन जमिनीवर डुलत चालतो, पाण्यात मात्र विजेसारखा सुळकन जातो. हा विरोध प्रेक्षकाला दिसावा म्हणून त्या वाटा होत्या. पेंग्विनला कंटाळा येऊ नये म्हणून चालण्याच्या जागी निरनिराळे पृष्ठभाग दिले होते. काही ठिकाणी रबरही होते. तेव्हा ‘वास्तुविशारदाने प्राण्याचा विचारच केला नाही’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. विचार केला होता. तो त्या काळी उपलब्ध असलेल्या माहितीवर केला होता.

तलाव विलक्षण गाजला. मॉहॉय-नॉज या प्रसिद्ध कलावंताने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील या नव्या वास्तूंवर १९३६ मध्ये एक लघुपट काढला. १९७० मध्ये या तलावाला ब्रिटनच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत सर्वोच्च श्रेणी मिळाली. त्या श्रेणीतील वास्तूत परवानगीवाचून कोणताही महत्त्वाचा फेरफार करता येत नाही.

काँक्रीटचा आजार

पन्नास वर्षांत मात्र तलाव आजारी पडला. हा आजार आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडच्या जुन्या इमारतींच्या सज्जांतून गंजलेल्या सळ्या डोकावताना दिसतात, तोच हा आजार. त्याचे रसायनशास्त्र वर्गात सांगण्यासारखे आहे.

ताजे काँक्रीट तीव्र आम्लारिधर्मी असते, त्याचा पी.एच. साडेबाराच्या आसपास असतो. अशा वातावरणात लोखंडी सळीवर ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट थर बनतो आणि तो सळीचे रक्षण करतो. पण हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो. तेथील कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी त्याची क्रिया होऊन कॅल्शियम कार्बोनेट बनते, आणि पी.एच. नऊच्याही खाली येतो. मग संरक्षक थर नाहीसा होतो आणि सळी गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो आतून दाब देतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. पाणी खारे असेल तर क्लोराइडमुळे हे काम आणखी लवकर होते. सळीवरचे काँक्रीटचे आवरण जितके पातळ, तितका हा शत्रू लवकर आत पोचतो. आणि या तलावाचे सौंदर्य तर पातळपणातच होते!

शाळेत हे दाखवता येईल. जुन्या पाडकामातला काँक्रीटचा तुकडा घेऊन तो फोडा आणि ताज्या भंगावर फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब टाका. आतला भाग गुलाबी होईल, बाहेरची कड रंगहीन राहील. रंगहीन कडेची जाडी मोजली की कार्बन डायऑक्साइड किती खोल शिरला ते कळते. अभियंते हीच कसोटी वापरतात. (तुकडा फोडताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.)

१९८० च्या दशकात तलावाचे पुनरुज्जीवन हाती घेण्यात आले आणि १९८७ च्या सुमारास ते पूर्ण झाले. लुबेट्किन तेव्हा हयात होते आणि त्यांचा सल्लाही घेतला गेला. तलाव पुन्हा १९३४ सारखा शुभ्र दिसू लागला. वास्तू वाचली. लुबेट्किन १९९० मध्ये वारले.

वास्तूच्या दुरुस्तीने काँक्रीटचा प्रश्न सोडवला. पेंग्विनचा प्रश्न तिने विचारलेला नव्हता.

तळव्यावरची जखम

२००४ मध्ये पुन्हा डागडुजी काढली, म्हणून पेंग्विनना संग्रहालयातीलच बदकांच्या एका तळ्यावर तात्पुरते हलवण्यात आले. ते साधेच तळे. त्याला ना भूमिती, ना कीर्ती. पेंग्विन तेथे इतके रमले की त्यांना परत आणलेच नाही. २०११ मध्ये त्यांच्यासाठी ‘पेंग्विन बीच’ ही नवी जागा उघडली. तेथे वाळू आणि गोटे आहेत, घरटी करण्याच्या जागा आहेत आणि खोल पाणी आहे.

जुन्या तलावात काय कमी पडत होते? मुख्यतः तीन गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली तळव्यांची. सतत कठीण पृष्ठभागावर उभे राहिल्याने व चालल्याने पक्ष्यांच्या तळव्यांना बारीक जखमा होतात, त्यांत जंतू शिरतात आणि तळवा सुजून पिकतो. या विकाराला बंबलफूट म्हणतात. निसर्गात पेंग्विन बराच काळ समुद्रात घालवतो, त्यामुळे तळव्यांना विश्रांती मिळते. तलावात मात्र तो तासन् तास काँक्रीटवर उभा असे.

दुसरी गोष्ट पाण्याची. तलाव उथळ होता. वरून पाहणाऱ्याला पक्षी छान दिसे, पण सूर मारून खोल जाणे हा जो पेंग्विनचा मूळ धर्म, त्याला वाव नव्हता.

तिसरी घरट्याची. पेंग्विन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. प्रत्यक्षात त्यांच्या सुमारे अठरा जातींपैकी थोड्याच अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर वीण घालतात. दक्षिण आफ्रिकेचे आणि पेरू-चिलीच्या किनाऱ्याचे पेंग्विन समशीतोष्ण हवेतले. ते बिळे उकरून किंवा खडकांच्या कपारीत घरटी करतात. असे पक्षी काँक्रीटच्या गुळगुळीत रंगमंचावर ठेवले तर त्यांनी उकरायचे कोठे?

येथे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एकदम निकाल देऊ नये. तलाव बांधला तेव्हाच्या आणि पुढच्या काळातल्या पेंग्विनच्या जाती सारख्या नव्हत्या. सत्तर वर्षांत पृष्ठभागांत बदल झाले. पक्ष्यांची देखभाल, आहार, संगोपनाच्या पद्धती बदलल्या. ‘लुबेट्किन यांची रचना सुरुवातीपासून चूक होती’ आणि ‘रचना बरोबर होती, ती चुकीच्या जातीसाठी वापरली गेली’ ही दोन्ही मते मांडली गेली आहेत. इतके घटक एकदम बदललेले असताना दोष एकाच घटकाच्या माथी मारता येत नाही. हे आपण प्रयोगशाळेत शिकवतो. इतिहासालाही ते लागू आहे.

एक गोष्ट मात्र नक्की. संग्रहालयातील प्राण्यांच्या वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास पद्धतशीरपणे पुढे आला तो तलाव बांधून झाल्यावर. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांचे बंदिवासातील वन्य प्राण्यांवरचे पुस्तक १९४२ चे. जागा किती यापेक्षा जागा कशी हे महत्त्वाचे, प्राण्याला लपायला, आपली हद्द राखायला, आपले नैसर्गिक व्यवहार करायला जागेत काय आहे ते पाहा, असा त्यांच्या विचाराचा गाभा होता. तलाव या विचाराच्या आठ वर्षे आधीचा आहे.

दोन कायदे, एक भिंत

आता पेच असा. तलाव खोल करायचा तर मूळ तळ फोडावा लागेल. वाळू आणि बिळे आणायची तर ते शुभ्र लंबवर्तुळ उरणार नाही. वास्तुजतनाची दृष्टी सांगते, आकार बदलू नका. प्राणिकल्याणाची दृष्टी सांगते, प्राण्याला त्याच्या गरजेप्रमाणे जागा द्या. ब्रिटनमध्ये त्यासाठी १९८१ पासून प्राणिसंग्रहालयांना परवाना घेण्याचा कायदाही आहे. दोन्ही मागण्या योग्य, पण एकाच भिंतीत दोन्ही पुऱ्या होत नाहीत. म्हणून तलाव उभा आहे आणि पेंग्विन दुसरीकडे आहेत. पेंग्विनविना तलाव ठेवण्यात काय अर्थ, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. २०१९ मध्ये तर खुद्द लुबेट्किन यांच्या मुलीनेच तो उडवून टाकावा असे उद्विग्न होऊन सुचवले होते.

मग प्राण्यांसाठी बांधलेली कोणतीच वास्तू टिकत नाही की काय? तसे नाही. त्याच आवारात बर्टन यांचे जिराफघर आहे. फेरबांधणी व विस्तार झाला, तरी जवळजवळ दोनशे वर्षे तेथे जिराफच राहत आले आहेत. कारण त्या इमारतीने जिराफाबद्दल एकच ठाम विधान केले होते: तो उंच असतो. ते विधान १८३६ मध्ये खरे होते, आजही खरे आहे. बाकीचे, म्हणजे जमिनीवर काय पसरायचे, चारा कोठे टांगायचा, अंगण किती वाढवायचे, ते तिने पुढच्यांसाठी मोकळे ठेवले.

दुसरे उदाहरण १९६५ मध्ये उघडलेल्या ‘स्नोडन एव्हिअरी’ या पक्षिगृहाचे. सेड्रिक प्राइस, लॉर्ड स्नोडन आणि अभियंता फ्रँक न्यूबी यांनी धातूचे सांगाडे व ताणलेल्या तारा यांवर एक प्रचंड जाळी उभारली. तीही संरक्षित वास्तू. तिच्या जीर्णोद्धाराच्या वेळी जाळी बदलली, सांगाडा दुरुस्त केला, आणि २०२२ पासून तेथे पक्ष्यांऐवजी कोलोबस माकडे राहतात. कोलोबस हे झाडावरून झाडावर लांब उड्या मारणारे वानरकुळातले प्राणी. पक्ष्यांसाठी केलेली उंच, हवेशीर पोकळी त्यांनाही मानवली. रचनेने रहिवाशावर फारशा अटी घातल्या नव्हत्या, म्हणून रहिवासी बदलता आला.

तिन्ही वास्तू शेजारी ठेवल्या की एक सूत्र दिसते. आज आपल्याला प्राण्याबद्दल जे पक्के मोजलेले आहे, ते इमारतीत पक्के बांधावे. जे अजून केवळ समजूत आहे, ते बदलता येईल असे ठेवावे. पेंग्विनच्या तलावात जे अनिश्चित होते तेच काँक्रीटमध्ये कायम केले गेले. आणि जीर्णोद्धाराच्या वेळी ‘मूळ रूप’ परत आणताना मूळ अनुमानही तसेच परत आणले गेले.

आपल्या घराजवळ

हा प्रश्न लंडनपुरता नाही. मुंबईच्या भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यांतला एक त्याच वर्षी दगावला आणि त्यावरून बराच वाद झाला. मार्च २०१७ मध्ये त्यांचे थंड हवेचे दालन लोकांसाठी खुले झाले. पुढे तेथे पिल्लेही जन्मली. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या थंड प्रवाहाचे हवामान मुंबईच्या दमट उकाड्यात यंत्रांनी निर्माण करायचे, हेही एक अनुमानच आहे. ते किती बरोबर हे तेथील पक्ष्यांचे तळवे, घरटी आणि पिल्ले सांगतील. दालनाबाहेरची रांग ते सांगू शकणार नाही.

वर्गात यावर एक छोटा प्रकल्प घेता येईल. विद्यार्थ्यांच्या गटांना गावातली प्राण्यांची एकेक जागा वाटून द्यावी: गोठा, कुक्कुटपालनाची शेड, शेळ्यांचा वाडा, कबुतरांची ढाबळ, पांजरपोळ. प्रत्येक गटाने तीन रकाने करावेत. या जागेतील कोणती गोष्ट प्राण्याच्या गरजेसाठी आहे? कोणती माणसाच्या सोयीसाठी? कोणती फक्त दिसण्यासाठी? मग त्या प्राण्याजवळ शांतपणे तासभर बसून, तो जास्तीत जास्त वेळ कोठे उभा राहतो, कोठे बसतो आणि कोणती जागा टाळतो याची दर पाच मिनिटांनी नोंद करावी. तासाला बारा नोंदी होतील. तीन-चार दिवसांच्या नोंदी नकाशावर ठिपक्यांनी मांडल्या की काही कोपरे ठिपक्यांनी भरतील आणि काही कोरे राहतील.

ते कोरे कोपरे का कोरे राहिले, याची चर्चा मुलांबरोबर जरूर करावी. गोठ्याच्या मालकालाही त्या चर्चेला बोलवावे. पुष्कळदा उत्तर त्याला माहीत असते, विचारलेले कोणी नसते.